आईची प्रतिपिंडे आणि उंदराचे पिल्लू

डेंग्यूची पहिल्यापेक्षा दुसरी लागण अधिक धोक्याची असते हा सर्वसाधारण समज बऱ्याच अंशी खरा आहे. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार असून त्यांपैकी एकाने आजारी पडून बऱ्या झालेल्या माणसाला त्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळते. उरलेल्या तीन प्रकारांपासून मिळणारे संरक्षण मात्र काही महिन्यांत ओसरते, आणि त्यानंतर वेगळ्या प्रकाराची लागण झाली तर केशवाहिन्यांतून रक्तद्रव पाझरून रक्तदाब कोसळण्याची, म्हणजेच तीव्र डेंग्यूची, शक्यता वाढते. या नियमाला एक ठळक अपवाद आहे आणि तो म्हणजे तान्ही बाळे. बँकॉकमध्ये १९६०च्या दशकात रक्तस्रावी डेंग्यूच्या बालरुग्णांचा अभ्यास करणारे अमेरिकी संशोधक स्कॉट हॉलस्टेड आणि त्यांचे सहकारी यांनी रुग्णांची वयानुसार मांडणी केली, तेव्हा आलेखात दोन उंचवटे दिसले. एक उंचवटा मोठ्या मुलांचा होता आणि दुसऱ्या लागणीच्या नियमात तो बसत होता. दुसरा उंचवटा वर्षाच्या आतल्या, त्यातही साधारण सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांचा होता, आणि या बाळांना डेंग्यू आयुष्यात पहिल्यांदाच झालेला होता.

या बाळांच्या शरीरात स्वतःची पूर्वीची लागण नसली तरी आईच्या पूर्वीच्या लागणीची एक खूण होती. गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत आईच्या रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे विशिष्ट जंतूला ओळखून त्याला चिकटणारी प्रथिने, वारेतून गर्भाकडे मोठ्या प्रमाणावर जातात आणि पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाच्या रक्तात त्यांचे प्रमाण आईइतके किंवा त्याहूनही थोडे अधिक असते. ही उसनी शिदोरी बाळ स्वतः तयार करत नसल्यामुळे ती सतत घटत जाते. डेंग्यूविरोधी प्रतिपिंडांचे प्रमाण साधारण ४० दिवसांत निम्मे होते. पहिल्या काही महिन्यांत ती पुरेशी असल्यामुळे विषाणू निष्प्रभ होतो आणि वर्षभरानंतर ती जवळजवळ संपलेली असते. मधल्या काळात मात्र प्रतिपिंडे विषाणूला चिकटण्याइतकी असतात, पण त्याला निकामी करण्याइतकी नसतात. अशी अर्धवट झाकलेली विषाणूकण-प्रतिपिंड जोडी रक्तातील भक्षक पेशींच्या पृष्ठभागावरील एफसी ग्राही नावाच्या प्रथिनांना सहज चिकटते, पेशी तिला आत ओढून घेते, आणि ज्या पेशीने विषाणूचा नायनाट करायचा तिच्यातच त्याची वाढ होते, असे हॉलस्टेड यांचे प्रतिपादन होते. या प्रक्रियेला प्रतिपिंडजन्य वृद्धी म्हटले जाते. तिच्या मुळाशी असलेले निरीक्षण डेंग्यूवरचे नव्हते. ऑस्ट्रेलियातील रॉयल हॉक्स यांनी १९६४मध्ये याच कुळातील मरे व्हॅली मेंदूज्वराच्या विषाणूवर काम करताना, कोंबडीच्या पेशींत अत्यल्प प्रतिपिंडे विषाणूची वाढ रोखण्याऐवजी वाढवतात, हे नोंदवले होते.

प्रतिपादन सुसंगत होते, पण रुग्णालयातील निरीक्षणांतून ते सिद्ध होणे कठीण होते, कारण सात महिन्यांच्या बाळात आईच्या प्रतिपिंडांखेरीज इतर अनेक गोष्टी बदलत असतात. लहान मुलांच्या केशवाहिन्या मोठ्या माणसांपेक्षा मुळातच अधिक पाझरणाऱ्या असतात, असे व्हिएतनाममधील मोजमापांतून पुढे दिसून आले. बाळाची स्वतःची प्रतिकारयंत्रणा घडत असते. शिवाय त्याच सुमारास वरचे अन्न सुरू होते. या सगळ्यांतून एकाच कारणाचा वाटा वेगळा काढायचा, तर आई, पिल्लू, प्रतिपिंड आणि विषाणू हे चारही घटक हाताशी आणि काबूत असलेला प्राणी हवा. माकडांत प्रतिपिंडे टोचल्यावर रक्तातील विषाणू वाढतो हे हॉलस्टेड यांनी दाखवले होते, मात्र माकडे त्याने आजारी पडत नव्हती. उरला उंदीर, आणि त्याची अडचण अशी की उंदराला डेंग्यू होतच नाही.

या अडचणीवरचा पहिला उपाय प्रश्न समजण्याच्या बराच आधी, वेगळ्याच गरजेतून निघाला होता, आणि त्यात पिल्लाचे कोवळेपण हेच मुख्य साधन होते. डेंग्यूचा कारक घटक जिवाणू गाळून काढणाऱ्या गाळणीतूनही आरपार जातो, हे अमेरिकी सैन्यातील ॲशबर्न आणि क्रेग यांनी १९०७मध्ये मनिला येथील प्रयोगांतून दाखवले होते, पण तो प्रयोगशाळेत वाढवता येत नसल्यामुळे पुढील साडेतीन दशके त्याच्याविषयीचे ज्ञान फारसे सरकले नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नागासाकीमध्ये साथ आली असता रेन किमुरा आणि सुसुमू होत्ता यांनी १९४३मध्ये रुग्णाचे रक्त दूधपित्या उंदरांच्या मेंदूत टोचले आणि विषाणू वेगळा काढण्यात त्यांना यश आले. पॅसिफिकमधील अमेरिकी सैनिक डेंग्यूने आडवे होत असल्यामुळे अमेरिकेतही हेच काम तातडीने चालू होते. पुढे पोलिओच्या लशीमुळे जगाला माहीत झालेले आल्बर्ट साबिन आणि त्यांचे सहकारी वॉल्टर श्लेसिंगर यांनी हवाईमधील विषाणू उंदरांत रुळवल्याचे १९४५मध्ये प्रसिद्ध केले. साबिन यांच्या संग्रहात न्यू गिनी आणि कोलकाता येथील साथींतून मिळालेले विषाणूही होते, आणि त्यांच्या तुलनेतूनच डेंग्यूचा विषाणू एकाहून अधिक प्रकारचा आहे ही गोष्ट प्रथम स्पष्ट झाली.

नवजात उंदराचा मेंदू या कामाला उपयोगी पडला, कारण पिल्लाच्या चेतापेशी अजून वाढत असतात, विषाणूला अटकाव करणारी यंत्रणा कच्ची असते, आणि सुई थेट मेंदूत जात असल्यामुळे शरीराच्या इतर अडथळ्यांना वळसा बसतो. हाच विषाणू प्रौढ उंदराच्या कातडीखाली टोचला तर सहसा काहीच घडत नाही. दूधपित्या पिल्लाला होणारा आजार मात्र डेंग्यू नव्हे. पाय लुळे पडतात, झटके येतात आणि पिल्लू मेंदूज्वराने मरते, तर माणसातील डेंग्यूचा मुख्य घाला रक्तवाहिन्यांवर, यकृतावर आणि भक्षक पेशींवर असतो. शिवाय एका मेंदूतून दुसऱ्या मेंदूत असे फेरे घेता घेता विषाणूच बदलतो. साबिन आणि श्लेसिंगर यांनी हा बदल उपयोगाचा मानला, कारण उंदरांत फेरे घेतलेला विषाणू स्वयंसेवकांना टोचल्यावर तीव्र ताप येत नव्हता, पण संरक्षण मिळत होते. आजाराचा अभ्यास करणाऱ्यासाठी मात्र तोच बदल दोष ठरतो. थोडक्यात, या काळात उंदराचे पिल्लू हे विषाणू वाढवण्याचे भांडे होते, आणि भांड्याकडून आजाराचे स्वरूप समजण्याची अपेक्षा कोणी करत नव्हते.

या भांड्याचा वापर भारतातही मोठ्या प्रमाणावर झाला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी १९५२मध्ये पुण्यात स्थापन केलेले विषाणू संशोधन केंद्र, जे १९७८पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते, डास-गोचिडांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंच्या शोधासाठी नवजात उंदरांवरच अवलंबून होते. मात्र याच केंद्रात के. आर. पी. सिंग यांनी १९६७मध्ये एडिस अल्बोपिक्टस आणि एडिस इजिप्ती या डासांच्या अळ्यांपासून प्रयोगशाळेत अखंड वाढत राहणाऱ्या पेशींचे वाण तयार केले, आणि डेंग्यूचा विषाणू या पेशींत चांगला वाढतो हे लवकरच लक्षात आले. जपानच्या आकिरा इगाराशी यांनी १९७८मध्ये सिंग यांच्याच वाणातून निवडून काढलेला सी६/३६ हा उपवाण आज जगभरच्या डेंग्यू प्रयोगशाळांत आहे. विषाणू मिळवण्यासाठी पिल्लांची गरज या पुणेरी पेशींमुळे कमी झाली, ही गोष्ट विषाणुशास्त्राच्या इतिहासात सहसा एका ओळीत उरकली जाते. प्रत्यक्षात उंदीर भांड्याच्या भूमिकेतून मोकळा होऊन रुग्णाच्या भूमिकेत येण्याला तिचा हातभार मोठा आहे.

रुग्णाची भूमिका उंदराला का झेपत नाही, याचे उत्तर रेणूंच्या पातळीवर मिळायला २०१० उजाडावे लागले. पेशीत विषाणू शिरल्याची चाहूल लागताच ती इंटरफेरॉन नावाची प्रथिने बाहेर सोडते. ती शेजारच्या पेशींवरील ग्राहींना चिकटतात, आणि तेथून स्टॅट२ नावाच्या दूतप्रथिनामार्फत संदेश पेशीकेंद्रापर्यंत जाऊन विषाणूविरोधी शेकडो जनुके जागी होतात. डेंग्यूचा विषाणू अवघ्या सुमारे ११,००० अक्षरांच्या जनुकीय मजकुरावर चालतो आणि त्यातून दहाच प्रथिने बनवतो, तरी त्यांपैकी एनएस५ हे प्रथिन माणसाच्या स्टॅट२ला पकडून त्याची विल्हेवाट लावते. उंदराच्या स्टॅट२ची घडण थोडी वेगळी असल्यामुळे एनएस५ची पकड त्यावर बसत नाही. परकीय जनुकीय द्रव्याची सूचना देणाऱ्या स्टिंग या प्रथिनाचेही तसेच. विषाणूचे कात्रीसारखे काम करणारे विकर माणसातील स्टिंग कापते, उंदरातील कापू शकत नाही. विषाणूने माणसासाठी घडवलेली हत्यारे उंदराच्या शरीरात बोथट ठरतात, आणि उंदीर ताप न येताच विषाणूला हुसकावून लावतो.

कारण कळण्याच्या आधीच संशोधकांनी त्यावर आडवळणाचा मार्ग काढला होता. हत्यार बोथट असेल तर ढालच काढून घ्यावी, अशा विचाराने इंटरफेरॉनचे ग्राही नसलेले उंदीर वापरात आले. १९९०च्या दशकात प्रतिकारशास्त्राच्या अभ्यासासाठी तयार झालेल्या या वाणांपैकी ए१२९ या वाणात पहिल्या गटाच्या इंटरफेरॉनचा ग्राही नसतो, तर एजी१२९मध्ये पहिल्या आणि दुसऱ्या अशा दोन्ही गटांचे ग्राही नसतात. जॉन्सन आणि रोएरिग यांनी १९९९मध्ये एजी१२९ उंदीर डेंग्यूच्या लशींच्या चाचणीसाठी उपयोगी असल्याचे दाखवले, तरी सुरुवातीच्या विषाणूंनी हे उंदीरही बहुधा अर्धांगवायूनेच मरत. सुजन श्रेष्ठ, इव्हा हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका विषाणूला डासांच्या पेशी आणि एजी१२९ उंदीर यांच्यात आळीपाळीने फिरवून त्याचा जो वंश तयार केला आणि २००६मध्ये प्रसिद्ध केला, त्याने उंदीर लुळे पडण्याऐवजी केशवाहिन्यांच्या पाझराने दगावू लागले. पुढे सिंगापूरमध्ये, उंदरांत कधीही न फिरवलेल्या, केवळ डासांच्या पेशींत वाढवलेल्या डी२वाय९८पी या दुसऱ्या प्रकारच्या विषाणूनेही असाच आजार होतो असे आढळले. पाझर मोजण्याची रीत साधी आहे: इव्हान्स ब्लू हा निळा रंग शिरेतून सोडतात, तो रक्तातील अल्ब्युमिनला चिकटून राहतो, आणि वाहिन्या गळू लागल्या की यकृत, आतडी व मूत्रपिंड यांत उतरतो, अवयवातून काढलेल्या रंगाचे प्रमाण म्हणजेच गळतीचे माप.

हे साधन हाती आल्यावर बँकॉकच्या आलेखातील बाळांच्या उंचवट्याकडे वळणे शक्य झाले. सुरुवातीच्या प्रयोगांत प्रौढ उंदरांना बाहेरून प्रतिपिंडे टोचून मग विषाणू दिला जात असे. श्रेष्ठ यांच्या आणि हॅरिस यांच्या प्रयोगशाळांनी २०१०मध्ये स्वतंत्रपणे दाखवले की एरवी उंदीर ज्यातून वाचला असता, ती विषाणूची मात्रा प्रतिपिंडांच्या साथीने प्राणघातक ठरते. हॅरिस यांच्या गटाने त्यात आणखी एक कसोटी लावली: प्रतिपिंडाच्या शेपटाकडील, एफसी ग्राहीला चिकटणारा भाग बदलून टाकल्यावर तेच प्रतिपिंड मारक ठरण्याऐवजी तारक ठरले. हॉलस्टेड यांच्या प्रतिपादनातील मधला दुवा, म्हणजे ग्राहीमार्फत पेशीत होणारा प्रवेश, जिवंत प्राण्यात तपासला गेल्याचे हे स्वच्छ उदाहरण आहे. तरी टोचलेले प्रतिपिंड आणि आईकडून आलेले प्रतिपिंड यांत फरक उरतोच. आईकडून एक प्रतिपिंड येत नाही, तर विषाणूच्या निरनिराळ्या भागांना कमीअधिक घट्ट चिकटणाऱ्या प्रतिपिंडांचा मोठा समूह येतो, आणि तो एकदम न येता आठवडे येत राहतो व आठवडे ओसरत राहतो.

सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातील सिल्वी अलोन्सो यांच्या गटाने २०१४मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नेमकी हीच त्रुटी भरून काढली. एजी१२९ वाणाच्या माद्यांना डेंग्यूच्या पहिल्या प्रकाराची लागण करून त्यांच्यात प्रतिकारक्षमता येऊ दिली, मग त्यांना पिल्ले झाली, आणि या पिल्लांना दुसऱ्या प्रकाराचा विषाणू देण्यात आला. तुलनेसाठी डेंग्यू कधीच न झालेल्या माद्यांची पिल्ले होती. प्रतिकारक्षम आईची पिल्ले लवकर मेली, त्यांच्या रक्तात विषाणू अधिक होता आणि वाहिन्यांतून पाझरही अधिक होता. त्याहून बोलका होता दुर्बळ केलेल्या विषाणूचा प्रयोग: ज्या विषाणूने साध्या आईच्या पिल्लांना काहीही झाले नाही, त्यानेच प्रतिकारक्षम आईच्या पिल्लांना प्राणघातक आजार झाला. पाझरात ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर-अल्फा या दाहकारक प्रथिनाचा वाटा असल्याचेही या प्रयोगात दिसले. आणि बालरोगतज्ज्ञांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे धोका पिल्लाच्या वयावर अवलंबून होता. प्रतिपिंडांचे प्रमाण जसजसे बदलत गेले तसतशी आजाराची तीव्रताही बदलली, म्हणजे बँकॉकच्या बाळांत दिसलेली धोक्याची खिडकी उंदरातही, काळाचे माप वेगळे असले तरी, उघडली आणि मिटली. याच गटाने २०१६मध्ये केवळ पहिल्या गटाच्या इंटरफेरॉनचा ग्राही नसलेल्या उंदरांत हा प्रयोग केला, तेव्हा प्राणघातक आजाराबरोबर यकृताची मोठी हानी आढळली. तीव्र डेंग्यूच्या बाळांतही यकृत बिघडते, त्यामुळे ही आवृत्ती रुग्णाच्या अधिक जवळची मानता येते.

या मालिकेतील सर्वांत नेटका प्रयोग मात्र आया बदलण्याचा होता. मादीला नुकतीच झालेली पिल्ले दुसऱ्या, त्याच सुमारास व्यायलेल्या मादीकडे सोपवली तर ती बहुधा त्यांना पाजते. या सवयीचा उपयोग करून अलोन्सो यांच्या गटाने प्रतिकारक्षम मादीच्या पोटी जन्मलेली काही पिल्ले साध्या मादीच्या अंगावर वाढवली आणि साध्या मादीची काही पिल्ले प्रतिकारक्षम मादीकडे दिली. त्यामुळे पोटात मिळालेली प्रतिपिंडे आणि दुधातून मिळालेली प्रतिपिंडे यांचा हिशेब वेगळा मांडता आला. बहुतेक प्रतिपिंडे दुधातूनच येतात आणि त्यामुळे धोक्याची खिडकी अधिक काळ उघडी राहते, असे निष्पन्न झाले. आईला आणि पिल्लाला होणाऱ्या लागणीचा प्रकार एकच असेल, तर तेच दूध पिल्लाला वाचवते, हेही दिसले. पहिली अर्धी गोष्ट वर्तमानपत्री मथळ्यासाठी मोहक असली तरी ती माणसाच्या बाळावर जशीच्या तशी लादणे चूक ठरेल. उंदराच्या पिल्लाच्या आतड्यात आईच्या दुधातील जी-गटाची प्रतिपिंडे अखंड उचलून रक्तात पोहोचवणारे ग्राही पहिले दोन-तीन आठवडे कार्यरत असतात, आणि उंदरात प्रतिपिंडांची मुख्य वाट तीच आहे. माणसात ही वाट वारेची आहे. आईच्या दुधात प्रामुख्याने ए-गटाची प्रतिपिंडे असतात आणि ती आतड्याच्या अस्तरावर राहून काम करतात. अंगावरचे दूध आणि तीव्र डेंग्यू यांची सांगड या प्रयोगावरून घालता येत नाही. सांगड घालता येते ती प्रतिपिंडे किती काळ टिकतात आणि धोका किती काळ राहतो, या दोन गोष्टींची.

मानवी आकडेवारीकडे पाहिले तर चित्र उंदरातल्याइतके सरळ नाही, आणि म्हणूनच उंदीर लागतो. १९८८मध्ये बँकॉकच्या बाळांवरील अभ्यासात, आईच्या रक्तातील प्रतिपिंडांचे प्रमाण जितके अधिक तितके बाळ उशिरा आजारी पडते, असे आढळले होते आणि ते हॉलस्टेड यांच्या बाजूचे होते. याउलट फिलिपिन्समध्ये जन्मापासून बाळांचा पाठपुरावा करून डॅनियल लिब्राटी आणि सहकाऱ्यांनी २००९मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वृद्धी घडवण्याची प्रतिपिंडांची प्रयोगशाळेतील क्षमता आणि बाळाच्या आजाराची तीव्रता यांत अपेक्षित संबंध सापडला नाही. मोठ्या मुलांबाबत निकाराग्वामधील दीर्घकालीन पाहणीने २०१७मध्ये उत्तर दिले: प्रतिपिंडांचे प्रमाण फार कमी किंवा फार जास्त असताना नव्हे, तर एका मधल्या पट्ट्यात असताना तीव्र आजाराचा धोका वाढतो. फिलिपिन्समधील विसंगतीची एक शक्य उकल त्यानंतर प्रतिपिंडाच्या रासायनिक तपशिलात सापडली. प्रतिपिंडाच्या शेपटाला शर्करेची एक साखळी जोडलेली असते आणि तिच्यात फ्यूकोज ही शर्करा नसेल, तर ते प्रतिपिंड भक्षक पेशींवरील एका विशिष्ट एफसी ग्राहीला फारच घट्ट चिकटते. आईच्या डेंग्यूविरोधी प्रतिपिंडांत अशा फ्यूकोजविरहित प्रतिपिंडांचा वाटा जास्त असेल तर बाळ डेंग्यूने आजारी पडण्याचा संभव वाढतो, असे टिया वांग आणि सहकाऱ्यांनी २०२०मध्ये दाखवले. म्हणजे प्रतिपिंडे किती आहेत याबरोबर ती कशी आहेत हेही मोजावे लागते. नुसत्या संख्येवर आधारलेल्या अभ्यासांत एकवाक्यता नसणे त्यामुळे आश्चर्याचे राहत नाही.

उंदराच्या या प्रतिरूपावर घेतले जाणारे आक्षेप दोन तऱ्हेचे आहेत. पहिला वयाचा: उंदराचा गर्भकाळ १९-२० दिवसांचा, तो साधारण तीन आठवड्यांत दूध सोडतो आणि सहा ते आठ आठवड्यांत पिल्ले देण्याजोगा होतो, तेव्हा प्रयोगात बाळ म्हणून उभे केलेले काही आठवड्यांचे पिल्लू दूध सुटलेले, उंदरांच्या हिशेबाने पौगंडातले असू शकते. नवजात पिल्लू घ्यावे तर त्याची प्रतिकारयंत्रणा माणसाच्या नवजात बाळाहून कितीतरी अपक्व असते. हा आक्षेप खरा असला तरी मर्यादित आहे, कारण या प्रयोगांत अभ्यासाचा विषय पिल्लाचे वय नसून आईच्या प्रतिपिंडांची ओहोटी हा आहे, आणि ओहोटी दोन्हीकडे घडते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. बाल्यावस्थेतील लागणीविषयी विचारण्याजोगा मोठा प्रश्न असा की बाळाची स्वतःची इंटरफेरॉन-यंत्रणा मोठ्यांपेक्षा वेगळी वागते काय, आणि वागत असल्यास आजारात तिचा वाटा किती. ज्या उंदरातून इंटरफेरॉनचे ग्राहीच काढून टाकलेले आहेत, तो या प्रश्नावर मौनच पाळणार. आईच्या प्रतिपिंडांचा धोका सिद्ध करण्यासाठी जो भाग वजा करावा लागला, तोच भाग बाळपण समजून घ्यायला हवा होता, ही या साधनाची मूळ कोंडी आहे. तिच्यातून बाहेर पडण्याचे प्रयत्न निरनिराळ्या वाटांनी चालू आहेत. साध्या उंदरांना इंटरफेरॉनचा ग्राही तात्पुरता झाकणारे प्रतिपिंड देणे, ग्राही फक्त ठरावीक पेशींतूनच काढणे, किंवा उंदराच्या स्टॅट२च्या जागी माणसाचे स्टॅट२ बसवणे, हे त्यांतले काही मार्ग. यांतला शेवटचा याच कुळातील झिका विषाणूसाठी २०१८मध्ये प्रत्यक्षात आला. प्रतिकारयंत्रणा जवळजवळ नसलेल्या उंदरांत, बहुधा नवजात अवस्थेतच, माणसाच्या नाळेच्या रक्तातील मूळपेशी रुजवून वाढवलेले उंदीर हा आणखी एक मार्ग आहे. रिबेका रिको-हेस यांच्या गटाने अशा उंदरांत ताप, पुरळ आणि घटलेल्या रक्तबिंबिका ही माणसासारखी लक्षणे पाहिली, पण त्यांच्या रक्तवाहिन्या उंदराच्याच राहत असल्यामुळे पाझराचा अभ्यास तिथे अडतो. सर्व गुण असलेला उंदीर उपलब्ध नाही, आणि एका प्रश्नासाठी घडवलेल्या उंदराला दुसरा प्रश्न विचारला की उत्तर मिळते, पण ते विश्वासार्ह नसते.

या सगळ्या खटाटोपाला लशींमुळे तातडी आली आहे. डेंग्यूची पहिली परवानाप्राप्त लस, डेंगव्हॅक्सिया, फिलिपिन्समध्ये २०१६पासून आठ लाखांहून अधिक मुलांना दिली गेल्यानंतर २०१७च्या नोव्हेंबरमध्ये तिच्या उत्पादकांनी जाहीर केले की पूर्वी डेंग्यू न झालेल्या मुलांत ती पुढच्या लागणीच्या वेळी तीव्र आजाराचा धोका वाढवू शकते. लस स्वतःच पहिल्या लागणीसारखी वागत होती. त्यापुढचा प्रश्न असा की लस घेतलेल्या मुली माता होतील तेव्हा त्यांच्या बाळांकडे कोणती प्रतिपिंडे जातील. अलोन्सो यांच्या गटाने २०१७मध्येच प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माद्यांना दुसऱ्या प्रकाराचा पीडीके५३ हा दुर्बळ केलेला लसविषाणू टोचला. त्यांच्या पिल्लांकडे आलेल्या प्रतिपिंडांनी लस ज्या विषाणूपासून बनली त्याला उत्तम रोखले, पण त्याच दुसऱ्या प्रकारातील वेगळ्या वंशाच्या विषाणूला रोखण्याऐवजी वाढवले. म्हणजे धोका केवळ चार प्रकारांच्या सीमारेषेवर नसून एका प्रकाराच्या पोटातही असू शकतो. पिल्लांना तीच लस दिली, तर आईच्या प्रतिपिंडांनी लसविषाणूला आधीच निकामी केल्यामुळे पिल्लांनी स्वतःची प्रतिपिंडे बनवली नाहीत. मात्र लागण झालेल्या पेशी ओळखून मारणाऱ्या सीडी८ टी-पेशी तयार झाल्या आणि त्यांनी संरक्षण दिले. श्रेष्ठ यांच्या गटाने २०१८मध्ये झिका झालेल्या माद्यांची पिल्ले डेंग्यूला अधिक तीव्रतेने बळी पडतात असे दाखवल्याने, या हिशेबात आईला पूर्वी झालेल्या इतर विषाणूंचाही समावेश करावा लागतो.

भारतापुरता हा प्रश्न किती व्यापक आहे, याची कल्पना २०१७-१८मध्ये झालेल्या राष्ट्रीय रक्तचाचणी सर्वेक्षणातून येते. १८ ते ४५ वर्षांच्या व्यक्तींपैकी ५६.२ टक्क्यांच्या रक्तात डेंग्यूची प्रतिपिंडे आढळली, आणि महाराष्ट्र ज्यात मोडतो त्या पश्चिम विभागात सर्व वयोगटांचे प्रमाण ६२.३ टक्के होते. इथे जन्मणाऱ्या बहुसंख्य बाळांकडे आईची डेंग्यूविरोधी प्रतिपिंडे येतात असाच याचा अर्थ होतो, आणि त्यांच्यासाठी लस करायची तर ती या प्रतिपिंडांच्या उपस्थितीत काम करणारी हवी. टी-पेशींवर भर देणारी लस हे त्याचे उत्तर असू शकते असे उंदीर सुचवतो. परंतु टी-पेशींचे वर्तनही इंटरफेरॉनच्या संदेशांवर अवलंबून असते, आणि ज्या पिल्लांत हे संरक्षण दिसले त्यांच्यात पहिल्या गटाच्या इंटरफेरॉनचा ग्राही नव्हता. म्हणून हाच प्रयोग, ग्राही शाबूत असलेल्या आणि माणसाचे स्टॅट२ बाळगणाऱ्या पिल्लांत, आईच्या प्रतिपिंडांची ओहोटी पुरी होईपर्यंत वेगवेगळ्या दिवशी लागण करून पाहणे, ही पुढील पायरी ठरते.